आवाहन : ज्यू गाण्यांच्या जुन्या तबकड्या घरात असतील तर आम्हांला कळवा

सप्रेम नमस्कार,

जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्या ठाण्यातील आमच्या मंडळाने एक शोध हाती घेतला आहे. मुंबईत आणि कोकणात ज्यू घरांमधून वाजलेल्या तबकड्या कुठे उरल्या आहेत, ते आम्ही पाहतो आहोत. बर्लिनच्या एका दुकानाची हकीकत कळल्यापासून हे काम पुढे ढकलण्याचे धाडस होत नाही.

विल्नाचे (आजचे लिथुआनियातील व्हिल्नियस) हिर्श लेविन पहिल्या महायुद्धात जर्मनीत आणले गेले आणि पुढे तिथेच राहिले. बर्लिनच्या ग्रेनाडियरस्ट्रासेवर, पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंच्या वस्तीत, त्यांचे हिब्रू पुस्तकांचे दुकान होते. १९३२ मध्ये त्यांनी ‘सेमर’ या नावाने तबकड्या काढायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. ज्यू कलावंतांना नाटकगृहे आणि रेडिओची दारे बंद झाली. गायचे ते फक्त आपल्या लोकांपुढे. तशा दिवसांतही लेविन सिनेगॉगमधल्या प्रार्थना, यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) गाणी, व्हायोलिन असे सारे ध्वनिमुद्रित करत राहिले. हे धैर्य मोठे होते.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींच्या टोळीने दुकान फोडले. सुमारे ४,५०० तबकड्या आणि २५० धातूचे साचे नष्ट झाले. तबकडी फुटली तर साच्यावरून दुसरी काढता येते. साचाच गेला की मार्ग संपतो.

लेविन वाचले, पॅलेस्टाइनला गेले. साठा मात्र संपला असेच सर्वांनी धरले होते. पुढे १९९० च्या दशकात राइनर लोट्स या जर्मन संशोधकाने देशोदेशीच्या संग्राहकांकडून एकेक तबकडी मिळवली आणि २००१ मध्ये ११ सीडींचा संच निघाला. ‘लुक्राफोन’ या बर्लिनच्याच दुसऱ्या ज्यू कंपनीची गाणीही त्यात आहेत. तिच्यासाठी गाणारी डोरा गेरसन १९४३ मध्ये ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली. आज तिचा आवाज ऐकू येतो, कारण कुणीतरी आपल्या घरात तबकडी जपून ठेवली.

आपल्याकडे असा हल्ला कधी झाला नाही. १९३० च्या दशकात मुंबईतही ज्यू गाण्यांच्या तबकड्या निघाल्या होत्या. पण १९४८ नंतर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू कुटुंबे मोठ्या संख्येने इस्रायलला गेली, घरे रिकामी झाली, सामान वाटले गेले. अलिबाग, पेण, रेवदंडा, भायखळा, ठाणे या भागांतल्या जुन्या माळ्यांवर अजून काही सापडेल, अशी आम्हांला आशा आहे. बेने इस्रायलींची मराठी कीर्तने कुणी टेपवर घेतली असतील, तर तीही अवश्य हवीत.

वस्तू आपलीच राहील. आम्ही ती ऐकून, डिजिटल प्रत करून परत देऊ आणि एक प्रत आपल्यालाही देऊ. लेबल हिब्रूत असेल तर ते वाचून देणारे जाणकारही हवे आहेत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या जुन्या तबकडीला नंतरच्या एलपी तबकडीची सुई चालत नाही, जाड सुई लागते. ती आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री घेण्यासाठी देणगी हवी आहे. रक्कम कितीही लहान असो, मंडळाच्या कार्यालयात रीतसर पावती मिळेल.

एक विनंती. तबकडी सापडल्यावर स्पिरिटने पुसू नका, तबकडी लाखेची असते, ती विरघळते. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपा, उभी ठेवा आणि लेबलचा फोटो काढून आम्हांला पाठवा.

आपले नम्र,
मंडळाचे कार्यकर्ते