छातीतल्या पेटीविषयी, आई-बाबांना

पुणे, १४ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस मनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

रोज रात्री आपले फोनवर बोलणे होते, तरी हे पत्र लिहीत आहे. फोनवर तुम्ही ‘बरी आहेस ना?’ असे विचारता, मी ‘हो’ म्हणते, आणि त्यानंतर बाबा दादाला वेगळा फोन लावून ‘ती खरं सांगते का?’ असे विचारतात. दादाने मला हे सांगितले. त्याच्यावर रागावू नका. बाबांचा संशय निराधार नाही, हे आधी कबूल करते. मार्चमध्ये ऑफिसच्या जिन्यात मी पडले तेवढे तुम्हाला कळले, पण त्याआधी दोनदा, एकदा आंघोळीच्या वेळी आणि एकदा बसथांब्यावर, मला भोवळ आली होती. एका डॉक्टरांनी अशक्तपणा समजून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मी त्यावर आनंदाने विश्वास ठेवला, कारण गोळ्यांपुरते दुखणे घरी कळवावे लागत नाही. जिन्यातल्या प्रसंगानंतर ईसीजी काढला तेव्हा मिनिटाला ३६ ठोके पडत होते, म्हणून छातीत ही पेटी, म्हणजे पेसमेकर, बसवावी लागली. तेव्हापासून मात्र मी तुमच्यापासून काही लपवलेले नाही, आणि पुढेही लपवणार नाही.

बाबा, शस्त्रक्रियेच्या दिवशी तुम्ही डॉक्टरांसमोर हात बांधून उभे होतात आणि काहीच विचारले नाहीत. गावातली कुठलीही जळालेली विजेची मोटार दुरुस्तीला दुकानात आली की आधी मालकाला दहा प्रश्न विचारणारा माणूस गप्प बसला, याचे मला फार वाईट वाटले. म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. हृदयाच्या वरच्या कप्प्यात नैसर्गिक स्टार्टर असतो. माझा तो उत्तम चालतो. खालचे कप्पे, म्हणजे खरा पंप, तोही उत्तम आहे. मधली केबल मात्र तुटली आहे. वरचा हुकूम खाली पोहोचत नाही, म्हणून पंप आपल्या मनाने, रखडत, मिनिटाला छत्तीस-अडतीस वेळा चालत होता. डाव्या कॉलरबोनखाली बसवलेली पेटी एका लीडने, म्हणजे तारेने, वरच्या कप्प्यातला ठोका ऐकते आणि दुसऱ्या लीडने तो खाली पोहोचवते. ती मला धक्के देत नाही, आणि जिना चढताना वरचा स्टार्टर वेग वाढवतो तेव्हा त्याच्या मागोमाग तीही वेग वाढवते. तिचे वजन तीस ग्रॅमपेक्षा कमी आहे. आकाराने काडेपेटीहून जराशी रुंद आणि जाडीला तिच्या निम्मी.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तो प्रसंग मी फोनवर एका वाक्यात उरकला होता, तो आता नीट सांगते. तंत्रज्ञ मुलीने संगणकाच्या माऊससारखे एक चपटे यंत्र माझ्या कुडत्यावरून पेटीवर ठेवले आणि पडद्यावर आकडे उमटले. लीडचा रेझिस्टन्स ५२० ओहम होता. तो एकदम खूप वाढला तर तार तुटल्याची शंका घ्यायची आणि खूप खाली आला तर इन्सुलेशन गेल्याची, असे ती म्हणाली, आणि मला हसू आले, कारण शाळेच्या सुट्टीत तुमच्या हाताखाली मल्टिमीटर धरून मी हेच शिकले होते. मग ती म्हणाली, ‘आता मी यंत्राचा वेग हळूहळू कमी करते, खाली तुमचा स्वतःचा ठोका काय उरला आहे ते बघायचं आहे.’ साठ, पन्नास, चाळीस. छातीत काही दुखले नाही. फक्त कानात पाणी भरल्यासारखे झाले, तिचा आवाज लांब गेला, खोलीतला पंखा उगाच संथ वाटू लागला, आणि मला जिन्यातली ती पायरी दिसली. दहा सेकंद झाले असतील. ‘अडतीस आहे,’ असे म्हणून तिने बटण दाबले आणि सगळे जागेवर आले. त्या दिवसापर्यंत मला पेटीचा राग येत असे. बाहेर पडून मी रस्त्याकडेला उसाचा रस प्यायले आणि मला जाणवले की आता तो राग पूर्वीइतका उरलेला नाही.

आई, आता तुझ्याविषयी. मे महिन्यात मी घरी होते तेव्हा तू रात्री दोन वाजता उठून माझ्या नाकासमोर बोट धरत होतीस. मी झोपेचे सोंग घेत असे. त्यातच एकदा तू मावशीला हलक्या आवाजात सांगताना मी ऐकले की माझ्या वेळी दिवस गेलेले असताना तू हरतालिकेचा निर्जळी उपवास धरलास, त्याचेच हे फळ. आई, असे काही नसते. डॉक्टरांनी रक्त तपासले, हृदयाचा एमआरआय काढला, फुप्फुसेही पाहिली आणि कारण सापडले नाही, एवढेच खरे आहे. कारण नसलेली गोष्ट सोसणे अवघड जाते हे मला कळते, पण म्हणून ती तू स्वतःच्या पदरात घेऊ नकोस.

तू मिक्सर माझ्यापासून लपवलास आणि इंडक्शन शेगडी काकूंना देऊन टाकलीस. मिक्सर, टीव्ही, इस्त्री यांनी मला काहीही होत नाही. शेगडीही चालली असती, फक्त चालू असताना तिच्यापासून दोन हात लांब राहायचे. मोबाइल डाव्या खिशात ठेवत नाही आणि उजव्या कानाला लावते. मेट्रोच्या स्थानकात पेसमेकरचे कार्ड दाखवून हाताने तपासणी करायला सांगते. दुकानाच्या बाबतीत मात्र बाबांचे बरोबर आहे: वेल्डिंग चालू असताना मी बाहेर थांबेन, आणि मोटारीचे आर्मेचर तपासायच्या ग्राउलरवर, त्या विद्युतचुंबकावर, पूर्वीसारखी ओणवी होणार नाही. गल्ल्यावर बसायला आणि कॉइलचे वेढे मोजायला हरकत नाही. खरा त्रास भलत्याच गोष्टींचा होतो. कॅबमध्ये चालकाशेजारी बसले की पट्टा नेमका डाव्या खांद्यावरून येतो आणि पेटीवर घासतो, म्हणून मी रुमालाची घडी मध्ये धरते. कुशीवर झोपायला मात्र तीन महिने लागले.

दादाच्या लग्नासाठी माझे ब्लाउज बंद गळ्याचे शिवायचे तू परस्पर ठरवलेस. दोन इंचांचा व्रण आहे. तो दिसला तर दिसू दे. माझ्यासाठी स्थळ येईल तेव्हाही पहिल्याच भेटीत मी स्वतः सांगणार आहे. बाबा म्हणतात, ‘आधी माणसं कळू देत, मग सांगू.’ बाबांचा शब्द मी सहसा मोडत नाही, पण या एका बाबतीत त्यांचे म्हणणे मला अजिबात पटत नाही.

बाबा, तुम्ही दादाला विचारले होते की सेल अचानक संपला तर काय. तो अचानक संपत नाही. व्होल्टेज उतरू लागले की पेटी स्वतःच तशी नोंद करते आणि बदलायला काही महिने मिळतात. बदलताना सेल काढत नाहीत, अख्खी पेटीच बदलतात. लीड चांगल्या असतील तर त्याच ठेवतात. अशी पेटी साधारण दहा वर्षे चालते. पहिल्यांदा बदलायची वेळ येईल तेव्हा मी ३७ वर्षांची असेन आणि तुम्ही ७२. हा हिशेब तुम्हीही मनातल्या मनात केला असणार, म्हणून मोकळेपणाने लिहिते: त्यानंतरच्या पेट्यांच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर कोण बसेल, ही काळजी तुम्ही आत्तापासून वाहू नका. मला एकटीने जायची सवय करू द्या. ऑगस्टची तपासणी मी मुद्दामच तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितली. ते लपवणे नव्हते, सराव होता.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल म्हणून राखून ठेवली होती. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या ४३ वर्षांच्या माणसाला लावला. त्याच्या बायकोने अक्षरशः डॉक्टर आणि अभियंता यांच्या मागे लागून तो करून घेतला. आतला सेल निकेल-कॅडमियमचा, आणि चार्ज करायला बाहेरून अंगावर कॉइल धरायची, म्हणजे सरळसरळ तुमचे इंडक्शन! इपॉक्सीचा गोळा ओतायला साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली होती. पहिली पेटी काही तासच चालली. पण लार्सन पेट्या बदलत बदलत २००१ पर्यंत जगले, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत.

दिवाळीला शनिवारी सकाळच्या एसटीने निघते. दुपारी स्टँडवर उतरेन. आई, माझे अंथरूण आतल्या खोलीत घाल आणि रात्री दार लोटून घे. बाबांनी स्टँडवर जरूर यावे, पण बॅग मीच उचलेन, उजव्या हाताने.

तुमची,
मनू