सुट्टीत मुलांच्या हातातला मोबाइल
सर्व पालकांना नमस्कार. दिवाळीची सुट्टी लागतेय, म्हणजे मोबाइल मुलांच्या हातात जास्त वेळ राहणार. लहानग्यांना ‘यूट्यूब किड्स’ लावून द्या आणि त्यातही शोधण्याची सोय सेटिंगमधून बंद ठेवा. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड हवाच.

मला खरी काळजी वाटते ती गेममधल्या चॅटची. ‘मीपण चौथीत आहे’ म्हणणारा पलीकडे कोण आहे, हे मुलाला कळत नाही. फोटो, शाळेचं नाव, ओटीपी कुणालाच द्यायचा नाही, हे आज रात्री जेवताना सांगा. चुकून काही झालंच तर कृपया ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीनं मुलं गप्प बसतात.

पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. दोन्ही नंबर सेव्ह करून ठेवा.