सोळा अंशांना थंडीची लाट म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका मराठी वृत्तवाहिनीवर दिवसभर पट्टी फिरत होती : ‘मुंबईत थंडीची लाट, पारा १६ अंशांवर, घराबाहेर पडताना काळजी घ्या’. पट्टीच्या वर शेकोटीभोवती बसलेली, कानटोप्या घातलेली माणसं दिसत होती आणि त्यांच्या मागे द्राक्षाचे मांडव. मुंबईत द्राक्षबागा नाहीत. ते दृश्य नाशिककडचं होतं हे मला एका नजरेत कळलं, कारण माझं माहेर निफाड तालुक्यातलं. तिथल्या माणसांची रात्र उचलून ती मुंबईच्या नावावर दाखवली जात होती. त्या दिवसापासून हे पत्र लिहायचं डोक्यात होतं.

मी मुलुंड पूर्वेला दूध केंद्र चालवते. पहाटे साडेचारला शटर उघडतं, टेम्पो येतो, क्रेट उतरतात. पिशव्यांवरून निथळणारं गार पाणी मनगटापर्यंत येतं आणि डिसेंबर-जानेवारीत बोटं चांगलीच आखडतात. खाडीकडून, मिठागरांवरून वारा आला तर मीही शाल घेते. तेव्हा मुंबईत थंडी पडतच नाही असं मी म्हणणार नाही. पडते, आणि आम्हा पहाटे काम करणाऱ्यांना ती घरात बसून बातम्या बघणाऱ्यांच्या आधी कळते. माझं म्हणणं एवढंच आहे की जेवढी पडते तेवढीच सांगा.

हवामान विभागाच्या सांताक्रूझ केंद्रावर जानेवारीतलं सरासरी किमान तापमान सतरा अंशांच्या आसपास असतं. कुलाब्याचं केंद्र समुद्राला लागून, म्हणून तिथे दोनेक अंश जास्त. म्हणजे १६ अंश हा मुंबईचा नेहमीचा जानेवारी झाला. थंडीची लाट कधी म्हणायची याचे हवामान विभागाने निकष ठरवलेले आहेत. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जायला हवं आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी हवं. किनारपट्टीवर पारा दहापर्यंत सहसा उतरत नाही, म्हणून तिथे १५ अंशांची मर्यादा धरतात, पण साडेचार अंशांच्या घटीची अट तिथेही आहेच. शिवाय एका हवामान उपविभागात निदान दोन केंद्रांवर, लागोपाठ दोन दिवस असं व्हावं लागतं. या हिशेबाने सांताक्रूझचा पारा साडेबाराच्या आसपास आला तर मुंबईत लाटेची गोष्ट सुरू होईल. या शहराने तेवढी आणि त्याहून कडक थंडी पाहिलेली आहे. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली होती, त्याच दिवशी कुलाब्याला ११.७. फेब्रुवारी २००८ मध्ये सांताक्रूझचा पारा ८.५ पर्यंत उतरला होता. उद्या पुन्हा तसा दिवस उजाडला, तर या वाहिन्यांकडे लोकांना सांगायला कोणते शब्द उरलेले असतील?

अंदाज फुगतो कसा, हे मी या हिवाळ्यात लक्ष देऊन पाहिलं. माझ्या मोबाइलवर हवामान विभागाचं ‘मौसम’ ॲप आहे. निफाडच्या भावाच्या द्राक्षबागेसाठी मी ते रोज संध्याकाळी उघडते. त्या दिवशी इशारा होता उत्तर मध्य महाराष्ट्रासाठी, आणि तोही ‘तुरळक ठिकाणी’. मुंबईच्या पुढे हिरवा रंग होता, म्हणजे कोणताही इशारा नाही. रात्री आठच्या बातम्यांत ‘तुरळक ठिकाणी’ गळालं आणि उत्तर मध्य महाराष्ट्राचा ‘महाराष्ट्र’ झाला. नऊच्या बातम्यांत निवेदिकेने ‘मुंबईसह राज्यभरात’ म्हटलं. सकाळी उठून पाहते तर पट्टीवर राज्य नव्हतंच, नुसती मुंबई होती. हवामान विभागाच्या तज्ज्ञांनी एक शब्दही बदलला नव्हता. बदललं ते सगळं वाहिनीच्या कचेरीत. दुसऱ्या दिवशी १३ अंशांचा आकडा आला. तो बदलापूरकडच्या कुणा हौशी निरीक्षकाच्या नोंदीतला होता. बदलापूर समुद्रापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. तिथे रात्र जास्त गार होणारच. ती नोंद करणाऱ्याने बदलापूर असंच लिहिलं होतं. पडद्यावर मात्र ‘मुंबई परिसर’ झालं आणि थोड्या वेळाने ‘परिसर’ही गेला.

मुंबईत गारठा कशाने येतो हे कुणी दोन मिनिटं समजावून सांगितलं तर लोक आवडीने ऐकतील. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं पाऊस-बर्फाचं वातावरण, येऊन जातो, हिमालयात बर्फ पडतं, मग तिकडचे कोरडे थंड वारे राजस्थान-गुजरातवरून आपल्याकडे वाहतात. आभाळ निरभ्र असेल तर रात्री जमीन लवकर निवते. वाऱ्याने दिशा बदलून समुद्रावरून यायला सुरुवात केली की दोन-तीन दिवसांत सगळं ओसरतं. आणि याच काळात दुपारचा पारा बहुतेक वेळा तीस अंशांच्या पुढे असतो. माझ्याकडे दूध टाकायला येणारी मुलं पहाटे स्वेटर घालून येतात आणि अकरा वाजता तोच स्वेटर कमरेला बांधून परत जातात. मुंबईचा हिवाळा असा आहे. तो बातमीत दिसत नाही. वर ‘ला निना’चं नाव घेऊन ऑक्टोबरपासूनच ‘यंदा हाडं गोठवणारी थंडी’ असं सांगायला सुरुवात होते. ला निना म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी विषुववृत्ताजवळ नेहमीपेक्षा गार होणं; हिवाळा कुठे झुकू शकतो एवढंच त्यावरून सांगता येतं, मुलुंडला कोणत्या तारखेला किती अंश असतील ते नाही. २०२५च्या फेब्रुवारी अखेरीला याच मुंबईसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला होता, आणि अजून होळीसुद्धा झालेली नव्हती.

यात कुणाचं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. बिघडतं. आमच्या शेजारच्या इमारतीत एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिची आजी दिवसभर टीव्हीसमोर असते. ‘लहान मुलांना सांभाळा’ ऐकून तिने खोलीच्या खिडक्या लावल्या, फटींत जुनी लुगडी कोंबली आणि बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली, रात्रभर. बाळाची आई पहाटे डोकं दुखतं, मळमळतं म्हणून बाहेर आली. तिचा भाऊ तेव्हा माझ्याकडे दूध घ्यायला आला होता, त्याच्याकडून मला कळलं. मी दुकान पोराच्या हवाली करून वर गेले. आधी खिडक्या उघडल्या, शेगडी गॅलरीत नेली, मग डॉक्टरांना फोन लावला. बंद खोलीत कोळसा जळत राहिला तर त्याचा विषारी वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास, आणि झोपेतच माणूस जातो. तिघंही सुखरूप आहेत. म्हातारी रडत म्हणाली, “अगं, टीव्हीवर सारखं सांगत होते ना!” मी तिला बोल लावणार नाही. तिने तिच्या पणतवंडाची काळजी केली. बाहेर तेव्हा सतरा अंश होते. शेगडीची गरज नव्हती. आणि थंडीचा इशारा द्यायचाच होता, तर बंद खोलीत कोळसा पेटवू नका हे वाक्य त्यात पहिलं हवं होतं. ते मी एकाही बातमीत ऐकलं नाही.

आमच्याकडे एक काका रोज सहाला अर्धा लिटर घेऊन तसेच फिरायला जायचे. मधुमेह आहे, डॉक्टरांनी चालणं सांगितलंय. पट्टी वाचल्यापासून येईनात. पुढे भेटले तेव्हा म्हणाले, “ताई, मुलगा सोडत नाही, लाट आहे म्हणतो.” साखर किती वाढली असेल, कोण जाणे.

आता जिथे थंडी खरोखर नुकसान करते तिथलं सांगते. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा माझ्या भावाला झोप नसते. घडात पाणी भरायच्या वेळी असा कडाका पडला तर मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. दिवस उबदार आणि रात्र गार अशी तफावत वाढली तर मण्यांवर गुलाबी छटा येते आणि निर्यातीचा माल बाजूला पडतो, म्हणून घडांना कागद गुंडाळावे लागतात. गहू-हरभऱ्याला तीच थंडी मानवते आणि शेजारच्या वावरात त्याच रात्री आनंद असतो, पण द्राक्षवाल्याचं तसं नाही. मध्यरात्रीनंतर बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेवर राहील असं बघायचं, पहाटे ठिबक सोडायचं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. वर्षाचं कर्ज त्या चार-पाच रात्रींवर टांगलेलं असतं. भाऊ मला फोनवर म्हणाला, “ताई, आमची शेकोटी टीव्हीवर पाहिली, पण आमच्याकडं किती उतरणार ते कुणी सांगितलंच नाही.” हे वाक्य मला फार लागलं. त्याची बाग पार्श्वभूमीला वापरली आणि त्याला हवी असलेली माहिती दिली नाही.

मुंबईतही हिवाळ्यात एक धोका असतो, आणि तो या वाहिन्या सुंदर म्हणून दाखवतात. सकाळी वांद्रे-वरळी सागरी सेतू अर्धा दिसेनासा झाला की ‘मुंबईने पांघरली धुक्याची दुलई’ असं संगीतासह येतं. ते बहुतेक वेळा धूळ आणि धूर असतो. हिवाळ्यात वारा मंदावतो, जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं, त्यामुळे बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर, कचऱ्याच्या आगी असं सगळं खालीच कोंडून राहतं. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली, महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. डिसेंबर २०२४च्या अखेरीस तर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (आकडा जेवढा मोठा, तेवढी हवा खराब) २००च्या वर गेला म्हणून भायखळा आणि बोरिवली पूर्वेची बांधकामं थांबवण्याचे आदेश दिले गेले. माझ्या दुकानासमोर एक टॉवर उभा राहतोय. सकाळी शटर उघडलं की काउंटरवर पांढरट थर असतो. ओल्या फडक्याने पुसायचा, तासाभरात पुन्हा तेच. दूध टाकणाऱ्या मुलांपैकी एकाला डिसेंबर लागला की खोकला सुरू होतो आणि होळीपर्यंत जात नाही. त्या मुलाला ‘बाहेर पडताना काळजी घ्या’ हे सांगायची खरी गरज आहे, पण थंडीपासून नव्हे. ज्या सकाळी मास्क लावा सांगायला हवं, त्या सकाळी कॅमेरा चौपाटीवर गुलाबी थंडीची मजा लुटणारे लोक शोधत असतो.

आणि थंडीच दाखवायची असेल तर परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर झोपणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत जा. उड्डाणपुलांखाली झोपणाऱ्यांपर्यंत जा. अंगावर एक चादर आणि खाली फरशी असेल तर १५ अंशसुद्धा कठीणच. जवळचा रात्रनिवारा कुठे आहे, तिथे जागा आहे का, गोधड्या कुठे द्यायच्या, हे पट्टीवर फिरवा. मी पहिली जाऊन देईन.

वाहिन्यांकडून माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत. आकडा दाखवाल तेव्हा तो कुठल्या केंद्राचा, कोणत्या तारखेचा आणि सरासरीपेक्षा किती कमी-जास्त हे शेजारी लिहा. सकाळी साडेआठला नोंद होते, ती मिळायला अडचण काय? दृश्य ज्या गावचं असेल त्या गावचं नाव त्यावर द्या, आणि जुनं असेल तर जुनं म्हणून सांगा. हवामान विभागाने एखाद्या जिल्ह्याला इशारा दिलेला नसेल तर तुम्हीही देऊ नका. जाहिरातीचे दर प्रेक्षकसंख्येवर ठरतात, भीती दाखवली की माणूस चॅनेल बदलत नाही, हे मलाही समजतं. पण मीही धंदा करते. दुधात पाणी घालून पिशवी जाड दिसते म्हणून मी ते विकत नाही.

तुमच्या वृत्तपत्राकडेही एक मागणं आहे. पहिल्या पानावर रोज एक छोटी चौकट द्या : कुलाबा आणि सांताक्रूझचं किमान तापमान, सरासरीतला फरक, आणि त्याखाली हवेचा निर्देशांक. नाशिक आवृत्तीत निफाडचा आकडा वेगळा द्या. आणि तुमच्या संकेतस्थळावर कडाक्याच्या थंडीचा इशारा टाकाल तेव्हा तो तालुक्याच्या नावासह, संध्याकाळी सहाच्या आत टाका. अंधार पडायच्या आधी बागेत शेकोटीसाठी काटक्या, पालापाचोळा जमवावा लागतो, आणि रात्री दहाला बातमी कळून त्याचा काही उपयोग होत नाही.

आपली,
एक नियमित वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई