किगालीहून

किगाली, रवांडा, सप्टेंबर 2024

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. ऑफिसातले एक जण पुण्याला निघालेत, म्हणून पत्र. सोबत मेतकुटाची रिकामी बरणी आहे.

आत्याला सांगा, इथे रात्री अकरालाही मी एकटा चालत घरी येतो. आपल्या स्टँडवरून आलो असतो का? आई, एक सांगायचं राहिलं. चिवड्याच्या पिशव्या विमानतळावरच गेल्या. इथे 2008 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. चिवडा तेवढा कागदात बांधून आणला.

आता उमुगांडा. महिन्याचा शेवटचा शनिवार, सकाळी आठ ते अकरा. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि घरटी माणूस फावडं घेऊन बाहेर. श्रमदान समजू नका. श्रमदान फोटो निघेपर्यंत असतं, इथे न येणाऱ्याला दंड होतो. परक्यांना कुणी विचारत नाही, पण खिडकीतून बघत बसणं बरं दिसत नाही, म्हणून मीही गटार उपसतो. मग तिथेच गावकीसारखी बैठक. गटार, पाणी, विम्याची वर्गणी, सगळ्यावर बोलतात. गटाराच्या वरचं कुणी काही बोलत नाही.

बाबा, 99 टक्क्यांवर तुम्ही फोनवर हसलात. कागामे 2000 पासून अध्यक्ष, 2015 मध्ये घटना बदलून घेतली, आणि जुलैच्या निवडणुकीत 99.18 टक्के मतं. विरोधातल्या व्हिक्टुआर इंगाबिरे आठ वर्षं तुरुंगात होत्या, यंदा त्यांना उभंच राहू दिलं नाही. पण 1994 मध्ये इथे शंभर दिवसांत आठ लाख माणसं कापली गेली, हेही धरा. आज खासदारांत साठ टक्क्यांहून जास्त बाया आहेत. आत्या सरपंच असताना शिक्का काकांच्या खिशात असायचा!

चहाला एका मित्राला मी त्या 99 टक्क्यांचं विचारलं. साखर केव्हाच विरघळली होती, तरी तो ढवळत राहिला. मग म्हणाला, "पाऊस येईल." आभाळ स्वच्छ होतं. तेव्हा फोनवर हा विषय नको. काळजीचं काही नाही.

गच्चीच्या गळतीसाठी चाळीस हजार पाठवलेत. ताईकडून उसने घेऊ नका. मामांनी आणलेल्या स्थळाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. नाही म्हणत नाहीये.

गणपतीला रजा मिळाली नाही असं म्हणालो होतो. मी मागितलीच नव्हती. तिकिटाचे पैसे गच्चीत गेले. आरतीच्या वेळी फोन लावून ठेवा, बोलायला नको, नुसता ऐकेन.

तुमचा,
बाळू