चूक कुणाची, हे एकदा कागदावर येऊ द्या : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

स. न. वि. वि.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतचा. आमच्या भागातल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, हे तुमच्या कानावर असेलच. शेतकऱ्यांकडून पॉलिश केलेली कांडी घ्यायची, दळायची, पंचवीस किलोच्या पिशव्या भरायच्या आणि बाहेर पाठवायच्या, हा माझा धंदा. पहिली परदेशी ऑर्डर आली तेव्हा मी अक्षरशः अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो. आता कीबोर्डची बटणं तेवढी पिवळी राहिलीत. पत्र मराठीत लिहितोय, भाषांतर तुमच्या खात्यातलं कुणीतरी करेलच.

गोष्ट गेल्या मार्चमधली. हॅम्बुर्गला जाणारा वीस फुटी कंटेनर आमच्याच गोदामात भरला. 640 पिशव्या मी स्वतः मोजल्या, ई-सील (कस्टमचं इलेक्ट्रॉनिक सील) लावलं, ट्रेलर रात्रीच निघाला. वसमत ते न्हावाशेवा म्हणजे पाचशे किलोमीटरच्या वर, तरी माल वेळेत पोचला. सीएचएनं, म्हणजे कस्टमची कागदपत्रं करणाऱ्या परवानाधारक एजंटानं, शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा अर्ज) भरलं होतं, त्यात ‘हळद पावडर’ असं स्वच्छ वर्णन होतं आणि मालाच्या वर्गवारीचा कोड 0910 30 नं सुरू होणारा. एलईओ, म्हणजे माल बाहेर न्यायची कस्टमची परवानगी, मिळाली. मी निवांत जेवायला बसलो.

तिसऱ्या दिवशी फॉरवर्डरच्या, म्हणजे जहाजावर जागा बुक करून देणाऱ्या कंपनीच्या, ऑफिसातून मेसेज आला : बॉक्स रोल ओव्हर झालाय, पुढच्या जहाजानं जाईल.

का, तर युरोपला माल चढवण्याआधी जी आगाऊ माहिती द्यावी लागते, तिच्यात मालाचं वर्णन ‘अ‍ॅग्रो प्रॉडक्ट’ असं गेलं होतं. शिपिंग बिलात नाही, लाईनला, म्हणजे जहाज कंपनीला, पाठवलेल्या सूचनेत. फॉरवर्डरकडच्या कुणा पोरानं घाईत टाइप केलं असणार. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या टेबलावर दिवसाला असे पन्नास कागद येत असतील. राग पुढच्या गोष्टीचा आहे. आठवड्यानं बिल आलं. दुरुस्तीची फी, यार्डाचं भाडं, रोल ओव्हरचा आकार, सगळं माझ्या नावावर. आणि वर ‘ईएनएस फाइलिंग चार्ज’, म्हणजे हीच आगाऊ माहिती भरण्याची फी, नेहमीसारखा वेगळा लावलेला! ज्या कामात चूक झाली, त्याच कामाची फी.

मी विचारलं, चूक तुमची, पैसे माझे कसे? उत्तर आलं, “सर, शिपर तुम्ही आहात ना.” शिपर म्हणजे माल पाठवणारा.

महोदया, मग मी हा विषय स्वतः वाचायला बसलो. ही आगाऊ माहितीची पद्धत 2001 च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर आली. पेटीत काय आहे हे बंदरात उतरल्यावर बघण्यापेक्षा जहाजावर चढण्याआधीच कळावं, असा त्यामागचा विचार. अमेरिकेनं 2002 च्या डिसेंबरात चोवीस तासांचा नियम आणला. जपाननं 2014 मध्ये आपला आणला. युरोपची आयसीएस-2 ही नवी पद्धत 3 जून 2024 पासून समुद्रमार्गाच्या मालाला टप्प्याटप्प्यानं लागू झाली. तिथे सहा आकडी कोड सक्तीचा, घेणाऱ्याचा ईओआरआय नंबर (युरोपच्या कस्टमकडचा नोंदणी क्रमांक) हवा, आणि ‘शेतमाल’ असलं मोघम वर्णन चालत नाही. माहिती अपुरी असेल किंवा शंका आली, तर माल चढवूच नका असा निरोप येऊ शकतो. मला यात काही वावगं वाटत नाही. नियम त्यांचा, बंदर त्यांचं.

वाचताना एक गोष्ट लक्षात आली. त्या नियमांत जबाबदार कोण हे कुठेच गुलदस्त्यात ठेवलेलं नाही. युरोपला ही माहिती भरायची ती मुळात माल वाहून नेणाऱ्यानं, आणि हाऊस बीएल, म्हणजे स्वतःच्या नावानं मालाची वाहतूक-पावती, काढणारा फॉरवर्डर असेल तर त्याच्या हिश्श्याची त्यानं. अमेरिकेत ‘टेन प्लस टू’ नावाच्या आगाऊ माहितीच्या नियमातली दहा कलमं भरणं आयात करणाऱ्याच्या गळ्यात, चुकलं तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड. म्हणूनच माझा अमेरिकेतला गिऱ्हाईक भरणीच्या आठवडाभर आधी स्वतः फोन करून एकेक गोष्ट विचारतो. युरोपवाला विचारत नाही, कारण त्याच्या खिशाला तोशीस नाही. लाईनच्या खिशाला असायला हवी, पण तिनं बीएलच्या मागच्या बारीक अक्षरांत ती शिपरवर ढकललेली असते. बीएलच्या दर्शनी पानावर ‘सेड टू कंटेन’ असतंच, म्हणजे आत काय आहे ते आम्ही पाहिलेलं नाही, हा म्हणतो म्हणून लिहिलं.

माझ्या हिश्श्याची जबाबदारी मी टाळत नाही. कस्टम कायद्याच्या कलम 50 नुसार शिपिंग बिलातली माहिती खरी आणि पूर्ण असण्याची जबाबदारी निर्यातदाराची आहे, 2018 च्या दुरुस्तीनं ती आणखी स्पष्ट केलीय. कलम 147 सांगतं की एजंटानं केलेलं, उलट सिद्ध होईपर्यंत, मालकाच्या संमतीनंच केलेलं धरायचं. कबूल. सीएचएकडे तुमचा परवाना आहे, त्यानं घोळ घातला तर 2018 च्या नियमावलीखाली तक्रार करता येते. माझ्या हातून शिपिंग बिलात चूक झाली तर दुरुस्तीला कलम 149 आहे. पण जी माहिती मी तुमच्या आइसगेटवर, म्हणजे कस्टमच्या ऑनलाइन पोर्टलवर, बरोबर भरली आणि पुढे कुणीतरी दुसरीकडे चुकीची टाइप केली, तिच्यासाठी मी कुणाकडे जायचं? माझ्याकडे पुरावा काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर इन्व्हॉइस पाठवल्याचा स्क्रीनशॉट. वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात त्यात.

युरोपचा नियम बदलणं तुमच्या हातात नाही, ते मला कळतं. आइसगेट मात्र तुमचं आहे. एलईओ मिळाली की वर्णन, कोड, वजन, घेणाऱ्याचं नाव एवढं सगळं तिथे असतंच. त्याचा तारीख-वेळेसह एक प्रमाणित उतारा थेट लाईनला आणि फॉरवर्डरला जाऊ द्या, आणि त्यांनी तो कधी उघडला हे निर्यातदाराला आपल्या लॉगिनमध्ये दिसू द्या. कुणाला पुन्हा टाइप करायची गरजच उरू नये. उरली, आणि चुकलं, तर कुठे चुकलं हे दिसेल.

दुसरं त्याहून सोपं. ईएनएस भरल्यावर युरोपकडून एक नोंदणी क्रमांक परत येतो, त्याला एमआरएन म्हणतात. जो कुणी या कामाचे पैसे लावतो, त्यानं तो नंबर बिलावर छापलाच पाहिजे, असं एक परिपत्रक काढायला संबंधित मंत्रालयाला सांगा. मी आजवर मागितला तेव्हा मला एकदाही मिळालेला नाही. “सिस्टीममध्ये आहे सर”, एवढंच ऐकलंय.

हॅम्बुर्गच्या गिऱ्हाईकानं उशिराबद्दल दोन टक्के कापून घेतले. ते मी त्याला मागू शकत नाही, आणि फॉरवर्डरला मागितले तर पुढचं बुकिंग देताना तो हात आखडता घेईल. जवळपास दुसरा बघावा, तर तोही नवी मुंबईतच बसतो.

पुढचा कंटेनर येत्या गुरुवारी भरतोय. यावेळी ‘हळद पावडर’ हे शब्द आणि सहा आकडे मी पिशव्यांच्या थप्पीपुढे पाटीवर लिहून फोटो काढणार आहे. तो कुठे चालेल माहीत नाही, पण काढणार आहे.

आपला,
वसमतचा एक हळद निर्यातदार