इंटरचा एकच ग्रूप निघालेल्या मुलांनी बसायचं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीए इंटरच्या, म्हणजे सीएच्या तीन परीक्षांतल्या मधल्या परीक्षेच्या, निकालाची तुमची बातमी वाचली. टॉपरचा फोटो, पेढा भरवणारे आईबाबा, सगळं छान, पण खाली एक ओळ होती की आता कोर्स छोटा आणि सोपा झालाय, पेपर कमी झाले, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातलं ट्रेनिंग, तीनची दोन वर्षं झाली आणि परीक्षा वर्षातून तीनदा होते. आता यातली एकेक गोष्ट सुटी धरली तर खरी आहे हो, सोपा सोडून. पण सगळ्या एका ओळीत बसवल्या की वाचणाऱ्या पालकांना वाटतं आपल्याच पोराला का जमत नाहीये एवढं. मी बडोद्यात दांडिया बाजारात छोटी प्रॅक्टिस करते, निकालानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे जी मुलं येतात ती फोटोवाली नसतात म्हणून हे पत्र.

सीएच्या कोर्सची नवी स्कीम १ जुलै २०२३ पासून लागू झाली आणि तिच्याप्रमाणे पहिली परीक्षा २०२४ च्या मे-जूनमध्ये झाली. इंटरला आठ पेपर होते ते सहा झाले, तीन-तीनचे दोन ग्रूप. पण याच स्कीममध्ये अजून एक बदल आहे ज्याची बातमी कधी होत नाही. आधी इंटरचा एक ग्रूप निघाला की ओरिएंटेशन आणि आयटीचा कोर्स उरकून मुलगा आर्टिकल म्हणून ऑफिसला लागू शकायचा, दुसरा ग्रूप मग नोकरी सांभाळून द्यायचा. आता दोन्ही ग्रूप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप नाही म्हणजे नाही. सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटचं म्हणणं असं की ट्रेनिंगची दोन वर्षं परीक्षेच्या टेन्शनशिवाय जावीत, आणि ते मला शंभर टक्के पटतं, कारण आधी काय चालायचं ते आम्हाला सगळ्यांना माहितीये, पोरगं ऑफिसात कमी आणि क्लासला जास्त, कुठे कुठे तर नुसतं कागदावर आर्टिकल, डमी म्हणतात त्याला, आणि दुसरा ग्रूप लटकला की तीन वर्षं लटकलेलाच. ते बंद व्हायलाच हवं होतं. पण ते बंद करताना एका ग्रूपवर थांबलेल्या मुलांना कुठे बसवायचं याचा विचार राहून गेला.

आणि अशी मुलं थोडी नाहीत. सप्टेंबर २०२५ चा निकाल बघा, ग्रूप १ चा ९.४३ टक्के, ग्रूप २ चा २७.१४ टक्के, दोन्ही एकदम देणाऱ्यांचा १०.०६ टक्के. त्याच वर्षी मे महिन्यात ग्रूप १ चा १४.६७ आणि ग्रूप २ चा २१.५१ होता. म्हणजे ग्रूप २ चं कॉस्टिंग, ऑडिट, एफएम (फायनान्शियल मॅनेजमेंट) निघालं आणि ग्रूप १ चं अकाउंट्स, लॉ, टॅक्स अडकलं अशी मुलं प्रत्येक निकालानंतर ढिगाने उरणार हे आकडेच सांगतायत.

परवा वाडीतला एक मुलगा आईला घेऊन आला. मार्कशीट टेबलावर ठेवली, ग्रूप २ आधीच्या अटेम्प्टला निघालेला, ग्रूप १ मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग ५७, लॉ ४६, टॅक्स ४६. टोटल १४९. नियम असा की प्रत्येक पेपरात ४० पाहिजेत आणि तीन पेपरांचे मिळून ३०० पैकी १५०, म्हणजे हा एका मार्काने नापास. त्याच्या शेजारच्या बाकावर कोणाला ४०, ४० आणि ७० पडले असतील तर तो पास. अकाउंट्सला ५७ च्या जागी ६० असते तर ग्रूप तिथेच निघाला असता, आणि समजा टोटल तरीही १५० च्या खाली राहिली असती तरी त्या पेपराचं एक्झम्प्शन मिळालं असतं, पुढच्या तीन अटेम्प्टला तो पेपर परत द्यायला नको. पण ५७ चं काहीच मिळत नाही, तिन्ही पेपर परत. दोन्ही ग्रूप एकत्र दिले असते तर ६०० पैकी ३०० बघतात, त्यात एका ग्रूपचे जास्तीचे मार्क दुसऱ्याच्या उपयोगी पडतात, पण याचा ग्रूप २ आधीच निघालेला, त्यामुळे ती वाटही बंद. आईचा प्रश्न साधा होता, पेपर परत तपासून नाही का मिळत? नाही मिळत. व्हेरिफिकेशन करता येतं, टोटल बरोबर मारली का, एखादं उत्तर तपासायचं राहून गेलं का एवढंच बघतात, उत्तरपत्रिकेची कॉपीही मागवता येते, पण दिलेले मार्क परत ठरवत नाहीत. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, याला तुमच्याकडे बसवून घ्या, पैसे नका देऊ, घरी बसून बसून वेडा व्हायला आलाय." मुलगा एक शब्द बोलला नाही, सगळा वेळ मार्कशीटचा कोपरा दुमडत बसला होता.

आर्टिकल म्हणून मी त्याला घेऊ शकत नाही. जुलै २०२३ च्या आधी हाच मुलगा आला असता तर एक ग्रूपवर त्याच आठवड्यात फॉर्म भरला असता.

लोक म्हणतात तीनदा परीक्षा आहे की, काय एवढं, चार महिन्यांनी परत दे. ऐकायला छान वाटतं. सप्टेंबर २०२५ ची इंटर ४ ते १५ सप्टेंबर झाली, निकाल लागला ३ नोव्हेंबरला, पुढची परीक्षा जानेवारीत. निकालाची वाट बघण्याच्या दोन महिन्यांत कोण कोणता ग्रूप वाचणार? जो निघणारे तो वाचण्यात अर्थ नाही, जो अडकणारे तो कोणता हे माहीत नाही, म्हणजे हातात खरे दोनच महिने, त्यात परत फॉर्म, मॉक टेस्ट, आरटीपी (इन्स्टिट्यूटचे सरावाचे पेपर), कायद्यातल्या अमेंडमेंट. आणि सोबतीला आपलं बडोदं! २०२५ च्या जानेवारीत ग्रूप १ चे पेपर ११, १३ आणि १५ ला होते आणि १४ ला उत्तरायण, म्हणजे टॅक्सच्या पेपराच्या आदल्या दिवशी अख्खं गाव गच्चीवर स्पीकर लावून लपेट लपेट ओरडतंय आणि पोरगं खिडकी लावून तोट्याचं सेट-ऑफ आणि कॅरी फॉरवर्ड पाठ करतंय. सप्टेंबरला पहिला पेपर ४ ला, विसर्जन ६ ला, लॉचा पेपर ७ ला. सगळ्या देशाची परीक्षा आपल्या सणांच्या तारखा बघून लावता येत नाही हे मला कळतं, इन्स्टिट्यूटला दोष नाही देत, पण डीजे रात्री जरा लवकर बंद करायला तर दिल्लीची परवानगी लागत नाही ना. असो, तो वेगळाच विषय आहे, त्यावर वेगळं पत्र लिहीन.

टॅक्सचं तर अजूनच. जुना १९६१ चा आयकर कायदा गेला, १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू. टीडीएसची १९४ सी, १९४ जे ही जी कलमं पोरांनी झोपेत म्हणावीत इतकी घोकली ती आता बरीचशी एकट्या ३९३ मध्ये जाऊन बसलीत. ज्याचा ग्रूप १ अडकलाय त्याला कधी ना कधी हे सगळं नव्याने करावं लागणारच. पास झालेला निदान ऑफिसात क्लायंटच्या फायलीवर शिकेल, हा घरी बसून पीडीएफवर शिकणार.

घरी बसून म्हणजे काय ते जरा सांगते. एम.एस. युनिव्हर्सिटीचं बी.कॉम. तोपर्यंत संपलेलं असतं, कॉलेज नाही, ऑफिस नाही, क्लासचे रेकॉर्डेड लेक्चर दीडपट स्पीडने बघून झालेले असतात, बरोबरचा मित्र बँकेत लागलेला असतो. घरात कोणी आलं की मुलगा आतल्या खोलीत. काकू मराठीत विचारतात, शेजारचे काका गुजरातीत विचारतात, रिझल्टनुं शुं थयुं, प्रश्न तोच. मुलींचं तर अजून लवकर आटोपतं. माझ्याकडे रावपुऱ्यातली एक मुलगी चौकशीला आली होती, ग्रूप १ निघालेला, म्हणजे दोन्हींतला जास्त अवघड निघालेला, आणि वडील म्हणतायत आता बी.एड. कर नाहीतर स्थळं बघू. हिला जर त्याच वेळी ऑफिस लागलं असतं, महिन्याला थोडा का होईना स्टायपेंड घरी आला असता, तर वडील एवढे घाईला आले नसते असं माझं स्पष्ट मत आहे. स्टायपेंड किती यापेक्षा पोरगी सकाळी डबा घेऊन कामाला जाते हे घरच्यांना दिसणं फार मोठं असतं.

फायनलला अडकणाऱ्यांसाठी नव्या स्कीममध्ये सोय केलीये. इंटर पास, दोन वर्षं ट्रेनिंग पूर्ण, ठरलेले कोर्स आणि ऑनलाइन मॉड्यूल्स पास, पण फायनल निघत नाहीये अशांना बिझनेस अकाउंटिंग असोसिएट म्हणून सर्टिफिकेट मिळतं. चांगली गोष्ट आहे, निदान नोकरीच्या अर्जात लिहायला काहीतरी. इंटरच्या एका ग्रूपवाल्याकडे तेवढंही नाही, त्याने तीन अवघड पेपर काढलेत पण बाहेर त्याची किंमत बारावी पास प्लस बी.कॉम. एवढीच.

आणि ऑफिसात बसल्याने अभ्यास बुडतो हे प्रत्येकाच्या बाबतीत खरं नाही. ऑडिटच्या पुस्तकात एसए ५०५ हे स्टँडर्ड आहे, एक्स्टर्नल कन्फर्मेशन, म्हणजे बाहेरच्यांकडून आकड्यांची लेखी खात्री करून घेणं, मुलं ते पाठ करतात, पॉझिटिव्ह रिक्वेस्ट, निगेटिव्ह रिक्वेस्ट, आणि पेपरात केस आली की गोंधळतात. एकदा मकरपुरा जीआयडीसीतल्या क्लायंटच्या देणेकऱ्यांना बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं पाठवायला लावा, त्यातली निम्मी उत्तरं येत नाहीत, एक येतं ते आपल्या आकड्याशी जुळत नाही, मग डेबिट नोट सापडते जी पोस्टच केलेली नव्हती. ज्याने हे एकदा केलं त्याला ते स्टँडर्ड जन्मात पाठ करायला लागत नाही. जीएसटीचं इनपुट क्रेडिट तसंच, पोर्टलवरचं टू-बी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांचं स्टेटमेंट) उघडून खरेदीच्या रजिस्टरशी ओळीने ओळ जुळवायला बसलं की ब्लॉक्ड क्रेडिट (जे कायद्यानेच घेता येत नाही) कशाला म्हणतात ते कळतं. इंटरमध्ये आता प्रत्येक पेपरात ३० मार्कांचे एमसीक्यू आहेत, केस देऊन विचारतात, पाठांतरवाला तिथेच मार खातो. वाडीतल्या त्या मुलाचे ४६-४६ कुठे अडकले असतील ते मला न विचारता कळत होतं.

तेव्हा माझं म्हणणं असं की एका ग्रूपवर पूर्ण आर्टिकलशिप नको तर नको, पण इन्स्टिट्यूटने अशा मुलांना अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग करू द्यावं आणि ते पुढे इंटर निघाल्यावर दोन वर्षांत थोडंफार तरी मोजावं, सहा महिन्यांची कमाल मर्यादा घाला हवी तर. डमी होईल ही भीती असेल तर हजेरी तपासा, पण भीतीपोटी सगळ्यांनाच घरी बसवू नका. नियम बदलेपर्यंत बडोद्यातल्या आपल्या सीए मंडळींनी, अलकापुरीतल्या मोठ्या ऑफिसांपासून माझ्यासारख्या गल्लीतल्यांपर्यंत, एक-एक तरी असा मुलगा साध्या पगारावर ठेवावा, आर्टिकल म्हणून नाही, अकाउंट्स असिस्टंट म्हणून. सकाळी दहा ते दुपारी दोन, नंतर त्याचा अभ्यास. सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटच्या गडबडीत आपल्यालाही हात हवेच असतात, फक्त मग त्याचीच परीक्षा सप्टेंबरात असेल तर त्याला थांबवून धरायचं नाही, हे आधीच ठरवून घ्यावं, कारण "एवढी एक फाईल करून जा" म्हणण्यात आपण सगळे वस्ताद आहोत. फुकट ठेवू नये, आई कितीही म्हणाली तरी. फुकट ठेवलेल्या माणसाला आपण झेरॉक्स काढायला आणि चहा सांगायलाच वापरतो.

आणि तुमच्या पेपरला एक विनंती. पुढच्या निकालाला टॉपरचा फोटो जरूर छापा, त्या मुलांनी कष्ट केलेत, पण शेजारी एक छोटी चौकट द्या, ४० आणि ५० टक्क्यांचा नियम, एक्झम्प्शन म्हणजे काय, व्हेरिफिकेशनमध्ये काय होतं आणि काय होत नाही. मराठीत हे कुठे धड छापून येत नाही, पालक क्लासवाल्यांना विचारतात आणि क्लासवाले पुढच्या बॅचची फी सांगतात. ती चौकट लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको.

वाडीतला मुलगा सोमवारपासून येतोय, दहा ते दोन. रावपुऱ्यातल्या मुलीसाठी माझ्याकडे जागा नाही, रावपुरा-मांडवीच्या आसपास कोणा सीएंना माणूस हवा असेल तर पेपरच्या ऑफिसमार्फत कळवावं, तिचा अकाउंट्सचा हात चांगला आहे आणि टॅली येतं.

आपली नम्र,
दांडिया बाजारातली एक सीए, बडोदं