पाय, फाय आणि कागदाची पट्टी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही म्हणाल, शेजारच्या इमारतीत बसतोस आणि पत्र कसलं लिहितोस! पण समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत.

पाच वर्षांपूर्वी परदेशातल्या या विद्यापीठात माझं पहिलंच सत्र चालू होतं. चौथ्या आठवड्यात विभागप्रमुखांनी विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. गणिताबद्दल त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. 'काय बोलतात कळत नाही', 'इंग्रजी येणारा शिक्षक द्या', असंच सगळं. एक तक्रार तर पहिल्याच तासानंतरची होती. त्या तासाला मी नाव सांगून वेळापत्रक फळ्यावर लिहिलं होतं, बस्स. प्रमुख सौम्यपणे म्हणाले, उच्चार सुधारण्याचा एखादा वर्ग लावून बघा. मी मान डोलावली. वीस वर्षं गणित इंग्रजीतून करतोय आणि आता बाराखडी गिरवायची!

तुमच्याकडे आलो ते रडगाणं गायला. आसपास मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, एवढंच कारण. तुम्ही भाषाविज्ञान शिकवता हे त्या वेळी डोक्यातही नव्हतं. तुम्ही सगळ्या चिठ्ठ्या वाचल्यात, चष्मा काढलात आणि विचारलंत, "तुझा पुढचा तास कधी?"

तीन तास तुम्ही शेवटच्या बाकावर बसलात. तुम्हाला माझं इंग्रजी कळणारच, म्हणून सोबत तुमची एक विद्यार्थिनी आणलीत. तिच्या कानावर मराठी कधी पडलेलं नव्हतं. न कळलेला प्रत्येक शब्द तिनं वहीत लिहायचा, एवढंच काम. तिसऱ्या तासानंतर ते पान तुम्ही माझ्यासमोर ठेवलंत. त्यावर अकरा शब्द होते. तीन तासांच्या बडबडीत अकरा!

यादीत पहिला होता 'पाय'. वर्तुळातला पाय. तिला तो प्रत्येक वेळी 'बाय' ऐकू आला होता. तुम्ही टेबलावरच्या कागदाची एक अरुंद पट्टी फाडलीत, ओठांसमोर धरलीत आणि मराठी 'पाय' म्हणालात. पट्टी हलली नाही. मग इंग्रजी 'पाय' म्हणालात आणि पट्टी फडफडली. शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'ला इंग्रजीत श्वासाचा झोत लागतो. झोत नसला की त्यांच्या कानाला तो 'ब' वाटतो. आपल्याकडे प आणि फ ही दोन वेगळी अक्षरं, त्यामुळे आपली जीभ 'प'वर श्वास उधळत नाही. "पायला फायच्या दिशेनं ढकलायचं, पण फायपर्यंत पोचू द्यायचं नाही," असं तुम्ही म्हणालात. गणितवाल्याला हे सांगणं म्हणजे चेष्टाच, कारण आमच्याकडे फाय नावाचं ग्रीक अक्षरही असतं! आठवडाभर आरशासमोर पट्टी धरून मी पाय-पाय करत होतो. बायको काळजीत पडली.

उरलेल्या दहांपैकी बरेचसे आघाताचे, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा याचे होते. थर्टी आणि थर्टीन मी एकाच सुरात म्हणायचो. त्यावर तुमचा उपाय साधा होता, आकडा तोंडानं म्हणताना हातानं फळ्यावर लिहायचा.

पण ताई, खरे आभार त्यानंतरच्या गोष्टीचे. "ही यादी तुझी," तुम्ही म्हणालात, "हा गठ्ठा तुझा नाही." आणि अमेरिकेतल्या डोनाल्ड रुबिन यांचा १९९२चा प्रयोग सांगितलात. व्याख्यान तेच, आवाज तोच, इंग्रजी मातृभाषा असलेल्या बाईचा. विद्यार्थ्यांच्या एका गटाला ऐकताना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, दुसऱ्याला चिनी चेहऱ्याच्या बाईचा. दुसऱ्या गटाला आवाजात नसलेला परका हेल ऐकू आला आणि किती समजलं याच्या चाचणीतही तो गट मागे पडला. मला लगेच ती पहिल्या तासाची तक्रार आठवली. त्या मुलाच्या कानांनी तरी मला ऐकलं होतं का, कोण जाणे.

मी तावातावानं बोलायला लागलो तेव्हा तुम्ही मध्येच विचारलंत, "तू कधी कुणाला हसला नाहीस?" हसलो होतो. शाळेत एक सर 'पाणी'ला 'पानी' म्हणायचे आणि आम्ही मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करायचो. भूमिती मला त्यांनीच शिकवली, आणि एकही पायरी कधी न कळलेली आठवत नाही. तुम्ही पुढे काही बोलला नाहीत. चहा ओतलात.

मग तुम्ही विभागाच्या बैठकीत आलात. न बोलावता. तिथे कॅनडातल्या मन्रो आणि डरविंग यांचं १९९५चं काम मांडलंत. उच्चार किती परका वाटतो आणि बोलणं किती कळतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अगदी जड हेल वाटणारी वाक्यंही ऐकणारे अनेकदा शब्दन् शब्द बरोबर लिहून काढतात. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याचाही दाखला दिलात. तिथल्या शिक्षण खात्यानं २०१० मध्ये, जड हेल असलेल्या शिक्षकांना इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांवरून काढायला सांगितलं होतं आणि नागरी हक्कांची चौकशी लागल्यावर माघार घेतली. प्रमुखांचा चेहरा मी मुद्दाम पाहिला नाही. पुढच्या सत्रापासून अभिप्रायाच्या फॉर्मवरचा 'शिक्षकाचे इंग्रजी' हा रकाना गेला आणि 'कोणता भाग समजला नाही?' हा प्रश्न आला. उच्चाराच्या वर्गाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर तुम्हीच कान धराल. नव्या तुकडीला पहिले दोन दिवस मी जड जातो, मग त्यांचे कान सरावतात. एखादा तरीही लिहितोच. यंदाच्या गठ्ठ्यात 'हेल' म्हणून एक चिठ्ठी आहे, फक्त एक. 'फळ्यावरचं अक्षर वाचता येत नाही' अशा मात्र नऊ आहेत. ती तक्रार खरी आहे, ताई. तिच्यावर तुमच्याकडे काही पट्टीबिट्टी आहे का?

तुमचा,
पायवाला